नवरा आणायला

आमच्या आदिवासी पाड्यांवर लग्नाशिवाय संसार करायला कुणी आडवं येत नाही. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली की एका घरात राहतात, पोरं होतात, भात लावतात, कापतात. लग्न म्हणजे गावजेवण, दोन दिवस नाच, लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी. ते सावकाश, जमेल तेव्हा करायचं. अडतं ते पुढे, पोरांची लग्नं निघाली की. आईबापाचं लग्न लागलेलं नसेल तर पोरांचं लागत नाही. आधी म्हाताऱ्यांना हळद लावा, मग तरण्यांना.

माझी आणि देवजीची चोवीस वर्षं झाली होती. आमचं जमेल तेव्हा काही जमलं नव्हतं. एका वर्षी त्याची आई गेली, एका वर्षी भात गेलं, बाकीच्या वर्षी त्याला वेळ नव्हता. शेवटची तीन वर्षं तो वेरावळला मासेमारीच्या बोटीवर होता. आमच्या तलासरीकडचे पुष्कळ बाप्ये तिकडे खलाशी म्हणून जातात आणि होळीला घरी येतात. देवजी तीन होळ्या आला नाही.

आणि २०१८ च्या होळीनंतर सरिताचं ठरलं. माझी एकुलती एक. मसोलीला फुग्यांच्या कारखान्यात कामाला जायची, तिथंच सुरज भेटला. नरपडचा. पोरगा बरा, कमी बोलतो. त्याच्या वाटणीचं त्याची आई बुधीबाई बोलते.

"तुमचं लागलंय ना?" बुधीबाईनं चहाचा कप खाली ठेवायच्या आधी विचारलं.

"नाही."

"मग आधी ते उरका. माझं लागलं तेव्हा हा सुरज चार वर्षांचा होता. माझ्या मांडीवर बसून माझीच हळद पुसत होता."

"आपण कोर्टात करू," सरिता म्हणाली.

"कोर्टात काय, सही होते. सहीनं देव उठतो का गो बाय?"

सरितानं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली की डोळ्यांत पाणी आणत नाही, नखं कुरतडते. त्या दिवशी दहाही बोटं कुरतडून झाली. बुधीबाईनं वैशाखातली तारीख धरली. तोवर देवजी आला तर ठीक, नाहीतर सुरजसाठी तिच्या बहिणीच्या दिराची मुलगी होतीच. तिच्या आईबापाचं लग्न लागलेलं होतं.

देवजीचा फोन लागत नव्हता. बोट समुद्रात असली की लागत नाही आणि बंदरात असली की तो उचलत नाही. वेरावळहून होळीला आलेल्या तुक्यानं त्याचा निरोप आणला होता तेवढाच.

"देवजीदादानं सांगितलंय, गाडी पाठवून द्या."

"आणि?"

"आणि काय? गाडी. टेम्पोत टाका म्हणाला कुणाच्या तरी."

तीन वर्षांनी नवऱ्यानं घरातलं एक माणूस मागवलं, ते मोटारसायकल निघालं.

ती गाडी आता मीच चालवत होते. मी आश्रमशाळेत स्वयंपाकाला आहे. पहाटे पाचला चुली पेटवायच्या असतात, शाळा अकरा किलोमीटर लांब आणि पहिली एसटी सातला. देवजी गेल्यावर कापलेल्या भाताच्या शेतात मी एकटीच शिकले. चार वेळा पडले, ते कुणी पाहिलं नाही. लायसनच्या परीक्षेत आठचा आकडा काढताना दोनदा पाय टेकवला, ते सगळ्यांनी पाहिलं. तिसऱ्यांदा नाही टेकवला.

"मी नेते गाडी," मी तुक्याला म्हटलं. "त्याला गाडी पाहिजे ना? मग म्हणावं, लग्नाला उभा राहा आणि घेऊन जा."

"वयनी, सातशे किलोमीटर आहे!"

"रस्ता आहे ना?"

"रस्ता आहे."

"मग झालं."

तुक्यानं बोट कुठल्या तारखेला बंदरात येणार ते सांगितलं. त्या हिशेबानं मी चार दिवस आधी निघाले. चेन सैल होती ती ताणून घेतली, पाण्याचा कॅन बांधला, भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी घेतली. निघताना पाड्यावरच्या सगळ्या बाया जमल्या. भिकी धवलेरी काठी टेकत आली. आमच्याकडची निम्मी लग्नं तिनंच लावलेली.

"नवरा घोड्यावरून येतो, ट्रकमधून येतो, हल्ली मंडपापर्यंत जीपनंपण येतो," ती म्हणाली. "नवरी जाऊन उचलून आणते, असं गाणं माझ्याकडे नाय गो."

"आता रचा."

"तो आला तर रचते."

सगळ्या हसल्या. सरिता हसली नाही. तिनं माझ्या हेल्मेटचा पट्टा बांधला आणि इतका घट्ट बांधला की वापीपर्यंत हनुवटी दुखत होती.

गुजरातच्या हद्दीवरचा अच्छाडचा नाका ओलांडला तेव्हा मी देवजीला काय काय सुनवायचं याची उजळणी करत होते. ट्रकवाले हॉर्न देत होते, मी बोलत होते. हेल्मेटमध्ये कितीही मोठ्यानं बोललं तरी चालतं. सुरतपर्यंत मी त्याच्या आईपर्यंत पोचले होते. मग हळूहळू बोलायचं संपलं.

नर्मदेच्या पुलावर मी गाडी सावकाश घेतली. खाली पाणी फार नव्हतं, पण वारा होता. मला एकदम लक्षात आलं की सकाळपासून कुणीही मला हाक मारलेली नाही. पोळ्या झाल्या का, डाळ उतू गेली, बाई, चावी कुठाय, काहीच नाही. पंचेचाळीस वर्षांत असा दिवस आला नव्हता. आणि त्या पुलावरच मला कळलं की देवजी यायला नको आहे मला.

लग्न लागलं नाही तोवर आमच्यातली बाई पंचांना सांगून मोकळी होऊ शकते. मी सांगितलं नव्हतं, पण मोकळी झालेच होते. घर माझं, चूल माझी, गाडी माझी. आता सातशे किलोमीटर जाऊन मी हळद लावून घ्यायला त्याच माणसाला बोलावणार होते. तो नाही म्हणाला तर सरिताचं मोडतं. हो म्हणाला तर माझं.

रात्री वाटेतल्या एका तालुक्याच्या गावी धर्मशाळेत मुनीमानं वहीतून मान वर करून विचारलं, "साथे कोण छे?"

"गाडी," मी म्हटलं.

त्यानं खोली दिली, पण मी आत जाईपर्यंत बघत राहिला.

चौथ्या दिवशी दुपारी मी वेरावळच्या बंदरात उभी होते. बोटी इतक्या की पाणी दिसत नव्हतं. देवजी एका बोटीवरून उतरला. त्यानं आधी गाडी पाहिली.

"आरसा कुठाय?"

"पडला. दोन वर्षं झाली."

मग त्यानं मला पाहिलं. "तू चालवत आणलीस?"

"नाही, खांद्यावर आणली."

तो हसला. दोन दात गेले होते. चालताना उजवा गुडघा ओढत होता. मी सरिताचं सांगितलं, बुधीबाईचं सांगितलं, तारीख सांगितली. तो नाही म्हणणार म्हणून साठवलेलं सगळं माझ्या जिभेच्या टोकावर होतं.

"येतो की," देवजी म्हणाला.

"लग्नाला?"

"लग्नाला. मग राहतोच. शेठ म्हणाला, हा गुडघा घेऊन पुढच्या सीझनला येऊ नको. गाडी टेम्पोतून पाठवली असतीस तर विकून इथंच चहाची टपरी टाकणार होतो. पण तू न्यायलाच आलीस. चल."

म्हणजे मी घरी बसून गाडी पाठवली असती तर तो इथं चहा उकळत बसला असता. मी बाजूच्या दोरखंडावर बसले. एक बाई टोपलीतले मासे निवडत होती, तिनं मला पाणी दिलं. मी काही मागितलं नव्हतं.

एकच वाक्य पुरलं असतं. राहा इथंच, म्हणायचं. मी ते म्हणून पाहिलं, तोंडातल्या तोंडात. मग सरिताची कुरतडलेली दहा बोटं आठवली.

"सामान आण," मी म्हटलं.

त्यानं एक पिशवी आणली आणि चावीसाठी हात पुढे केला. "बाई चालवणार आणि बाप्या मागं बसणार? लोक काय म्हणतील?"

"गुडघा वाकवून दाखव."

त्यानं प्रयत्न केला. मग मागं बसला.

पहिले पन्नास किलोमीटर तो बोलत होता. ब्रेक मार, गिअर बदल, म्हैस बघ. मग झोपला. डोकं माझ्या पाठीवर टेकलं. चोवीस वर्षांपूर्वी जड लागलं नव्हतं ते डोकं. मला दया आली आणि दया आली म्हणून माझा मलाच राग आला. तो पडू नये म्हणून गाडी बाजूला थांबवून माझ्याच ओढणीनं त्याला माझ्या कमरेशी बांधून घेतलं.

महुव्याच्या पुढे तो जागा झाला. दोन्ही बाजूंना कांद्याची शेतं होती.

"किती राहिलं?"

"अजून दोन दिवस."

"मग हळू चालव ना," देवजी म्हणाला. "घाई काय आहे?"

चोवीस वर्षांत तो माझ्या मनातलं पहिल्यांदाच बोलला. पण घरी हळद कुटायची होती, मंडपाला बांबू सांगायचे होते, आणि आमचं लागल्याशिवाय सरिताचं लागणार नव्हतं. मी गाडी दामटली.