माझ्या पोटातला धवला

मित्रांनो, ही गोष्ट सुरू झाली २००७ साली. त्या साली जगात दोन नव्या तबकड्यांची शर्यत लागली होती आणि त्या शर्यतीत मीही धावत होते. आज मी एक जुनी, काळी आणि जड मशीन आहे. माझ्या झाकणावर हळदीचा एक डाग आहे. तो कोणी पुसू नये, असे मला वाटते. तो मला कसा मिळाला, तेच आज सांगते.

माझा जन्म परदेशातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात एक निळसर किरण बसवला गेला. साध्या डीव्हीडी लाल किरणाने वाचल्या जातात. निळा किरण त्याहून बारीक, म्हणून तेवढ्याच आकाराच्या तबकडीत कितीतरी जास्त चित्र आणि आवाज मावत असे. माझ्या तबकडीचे नाव एचडी डीव्हीडी. त्याच सुमारास दुसऱ्या काही कंपन्यांनी माझ्यासारखीच एक मशीन काढली. तिच्या तबकडीचे नाव ब्लू-रे. दोन्ही तबकड्या दिसायला जुळ्या बहिणी. पण माझी तबकडी तिला वाचता येत नसे आणि तिची मला. लोक कोणाला घरात घेतील, या काळजीने मोठमोठ्या शेठजींची झोप उडाली होती.

कारखान्यातून मी दुबईच्या एका दुकानात आले आणि तिथून भिवंडीला. एजाज नावाचा एक कोकणी मुसलमान गृहस्थ दुबईत नोकरी करत असे. त्याने मला आपल्या मेव्हण्यासाठी, सिराजसाठी आणले. नवी तबकडी कोरू शकणारा एक लॅपटॉपही त्याच्याजवळ होता.

सिराजचे लग्नाच्या शूटिंगचे दुकान होते आणि मला दाखवून तो अशाच मशीन विकणार होता. दुकानामागे लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना होता, त्यामुळे दिवसभर खटाक-खटाक चाले आणि सुताची बारीक पूड माझ्या पंख्यात जाऊन बसे. सिराजची बायको सईदा मऊ कुंचल्याने ती काढत असे. मला चालू व्हायला फार वेळ लागे. सईदा म्हणायची, "ही नवरीसारखी आहे. बोलवा, थांबा, मग येणार." मला चालू केले की ती चहा ठेवायची. चहाला उकळी आली की माझ्यातून चित्र येई.

समोरच सिराजच्या चुलतभावाचे, मुबश्शिरचे टीव्ही-मिक्सरचे दुकान होते. त्याने मुद्दाम ब्लू-रे मशीन मागवली आणि काचेत मांडली. मग काय, रोज रस्त्याच्या अलीकडून पलीकडे टोमणे सुरू झाले.

"काय सिराज, किती नग गेले?"

"तुझ्याहून एक जास्त."

"माझा तर एकही गेला नाही!"

"मग माझाही अजून जायचाय!"

गिऱ्हाईक यायचे, डोळे विस्फारून चित्र पाहायचे आणि किंमत ऐकून मागे सरकायचे. लूमवरचा एक कामगार बराच वेळ पाहून म्हणाला, "भाईजान, इसमें दस रुपयेवाली सीडी चलेगी क्या?" सिराजने समजावले की यात हळदीचा कण न् कण दिसतो. तो म्हणाला, "हल्दी तो उसमें भी पीलीच दिखती है."

मित्रांनो, शर्यतीचा निकाल मला तेव्हाच कळायला हवा होता. भिवंडीत प्रत्येक तबकडीला सीडीच म्हणत. सीडी चालते की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

त्याच वर्षी काल्हेरच्या रामनाथ पाटलाच्या धाकट्या भावाचे, प्रितेशचे लग्न निघाले. रामनाथने नुकतीच गोडाऊनसाठी जमीन दिली होती आणि गावात कोणी केले नाही ते करायची त्याला हौस होती. तो सिराजला म्हणाला, "सिराजशेठ, जी नवी सीडी आलीय ना, तिच्यावर लगीन काढ माज्या भावाचं. नायतर राहू दे."

आगरी लग्नात धवलारीण धवला, म्हणजे लग्नविधीचे गाणे गाते. तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही. ती ओळ उचलते आणि शेजारी बसलेली दुसरी बाई ती ओळ झेलते, म्हणजे तशीच पुन्हा गाते. रामनाथची आत्या राहीबाई ही पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण होती. तिची ओळ झेलायला कायम रामनाथची बायको सीताबाई असे.

सिराजने चांगले शूटिंग केले. पण त्या काळी लग्नाच्या सीडीवर खरा आवाज कोणी ठेवत नसे. सगळ्यांना वर सिनेमाची गाणी हवी असत. म्हणून घरच्या साध्या डीव्हीडीवर सिराजने सिनेमाची गाणी भरली आणि घरात वाटायला प्रती दिल्या. नव्या तबकडीवर मात्र त्याने खरा आवाज जसाच्या तसा ठेवला. चित्राबरोबर आवाजही किती स्वच्छ येतो, ते त्याला गिऱ्हाइकांना दाखवायचे होते. एजाजच्या लॅपटॉपवर ती एकच तबकडी निघाली आणि ती दुकानात माझ्याजवळ राहिली. रामनाथला नवी मशीन घेतल्यावर ती मिळणार होती. कॅमेऱ्यातल्या टेप पुढच्या लग्नाला पुन्हा वापरल्या गेल्या आणि एजाज लॅपटॉप घेऊन दुबईला परत गेला.

घरची डीव्हीडी पाहून राहीबाई तरातरा दुकानात आली.

"काय रं पोरा, तोंड माजं हलतंय न गाते कोन भलतीच! ती बाई माज्या मांडवात आली कवा?"

सिराज हसला. "आत्या, रागावू नका. बसा. तुमचा खरा आवाज आहे माझ्याकडे."

तो शुक्रवार होता. लूम बंद होत्या. सईदाने चहा ठेवला आणि मी चालू झाले. पडद्यावर राहीबाई आली आणि तिने ओळ उचलली.

"मांडवाचे दारी कोन आयलं गो? खारीचं पानी पावनं आयलं गो."

खाडीचे पाणी पाहुणे होऊन मांडवात आले, असा तो धवला. राहीबाईने आपला आवाज असा बाहेरून कधी ऐकला नव्हता. ती चहा विसरली. शेवटी पदराने माझे झाकण पुसून म्हणाली, "ही पोर खरी हाय. हिनं माज्यात कोनाला घुसू न्हाय दिला."

इतके मोठे कौतुक मला त्याआधी आणि त्यानंतर कधी मिळाले नाही. वेगळी प्रत काढून ठेवावी, असे तेव्हा कोणालाच सुचले नाही. राहीबाई तर प्रत्येक लग्नात समोर गात होती. चालत्या-बोलत्या माणसाचा आवाज जपून ठेवावा, असे कोणाच्या मनात येते?

२००८ उजाडले आणि बातमी आली. माझ्या कंपनीने हार मानली. माझ्यासारख्या मशीन यापुढे बनणार नव्हत्या, माझ्या तबकड्याही निघणार नव्हत्या. मुबश्शिर जिलेबीचा पुडा घेऊन आला, मयताच्या चाळिसाव्या दिवशी जेवण देतात तसा.

"भाभी, तुमच्या मशीनचा चाळिसावा!"

सईदाने एक जिलेबी खाल्ली. "चांगली आहे. तुझ्या मशीनच्या वेळी मी बिर्याणी देईन."

मी हरले, हे खरे. पण जिंकणारीलाही भिवंडीने फारसे विचारले नाही. आधी पेनड्राईव्ह आले, मग मोबाइल. ब्लू-रे मशीन काचेतच पिवळी पडली आणि तिच्या शेजारी मोबाइलची कव्हरे लटकू लागली. सईदाने बिर्याणीचा विषय मात्र कधी काढला नाही. हरलेल्याला हसू नये, हे तिला माझ्यामुळे कळले होते, असे मी मानते.

मी साध्या डीव्हीडीही वाजवत असे. त्यामुळे काही वर्षे सिराजच्या घरी मुलीला, रमशाला, कार्टून दाखवण्यात माझा वेळ मजेत गेला. एक दिवस कोणीतरी गंमत म्हणून राहीबाईची तबकडी माझ्यात घातली, वीज गेली, आणि मग माझा कप्पा उघडेचना. सईदाने मला जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले. भंगारवाला आला की सिराज विचारायचा, "ती काळी देऊन टाकू?" सईदा म्हणायची, "राहू दे. एजाजभाईने एवढ्या लांबून आणलीय."

करोनाच्या आधीच्या वर्षी राहीबाई गेली. माळ्यावर मला ते खालच्या बोलण्यातून कळले. तिचा आवाज माझ्या पोटात होता आणि ते सांगायला मला तोंड नव्हते.

मित्रांनो, आता २०२५ सालात या. रामनाथची मुलगी निशा आता दापोड्याच्या गोडाऊनच्या ऑफिसात काम करते. तिचे लग्न दिघाशीच्या मुलाशी ठरले. तिने घरात सांगितले, "डीजे नको, धवला पाहिजे. आत्याआजीचाच पाहिजे." रामनाथ म्हणाला, "आता कुठून आनू? बामन हाय, बँड हाय, लागंल हळद." निशा म्हणाली, "मग हळद नको लावू." ती हट्टाला पेटली आणि आईला घेऊन सिराजच्या घरी आली.

सीताबाईचे डोळे भरलेले होते. "सिराजभाऊ, मला झेलता येतं हो, उचलता येत न्हाय. आत्या उचलायच्या न माज्या तोंडातून आपसूक यायचं. आता पयली ओळच सापडत न्हाय. आमच्या सीडीत तर ती सिनेमावाली बाई गातेय."

सिराजने कपाळाला हात लावला. त्याला ती तबकडी आठवली. सगळी खोकी उपसली गेली, पण तबकडी सापडली नाही. सिराज थकून खाली बसला. तेव्हा स्वयंपाकघरातून सईदा म्हणाली, "सगळीकडे शोधलं. तिला विचारलं का?"

"कोणाला?"

"माळ्यावरच्या नवरीला."

मला खाली उतरवले. रमशाने माझ्या कप्प्याच्या फटीतून टॉर्च मारला आणि ती ओरडली, "अब्बा, आत काहीतरी चमकतंय!" सिराज पेचकस घेऊन माझा कप्पा उचकटायला धावला. सईदाने त्याचा हात धरला.

"तोडाल तिला. मुबश्शिरला बोलवा."

"त्याला? जिलेबी वाटली होती त्याने!"

"म्हणूनच. त्याची थट्टा जिलेबीसकट पचवलीय मी, त्याला यावंच लागेल."

मुबश्शिर आला तो काखेत स्वतःची ब्लू-रे मशीन घेऊनच. त्याने माझे झाकण उघडून तबकडी अलगद बाहेर काढली आणि ऐटीत म्हणाला, "जिंकलेली मशीन आहे. एका मिनिटात वाजवते बघा." तबकडी आत गेली. घरघर झाली. पडद्यावर अक्षरे आली, ही तबकडी वाचता येत नाही. त्याने पुन्हा घातली. पुन्हा तीच अक्षरे.

"काय रे, बोलत नाही का तुझी?" सिराजने विचारले.

"माझी बोलत नाही आणि तुझी उठत नाही," मुबश्शिर हसत म्हणाला. "चल, उठवू तुझीच."

माझ्या कप्प्याचा रबरी पट्टा ढिला पडला होता. मुबश्शिरने एका जुन्या टेपरेकॉर्डरचा पट्टा मला बसवला, कापसाने माझे भिंग पुसले आणि पंख्यातली सुताची पूड काढली. तबकडी पुन्हा माझ्या पोटात आली. सईदाने उठून चहा ठेवला.

मी सगळी ताकद लावली. निशाने आईचा हात घट्ट धरला होता. चहाला उकळी आली आणि पडद्यावर काल्हेरचा मांडव उभा राहिला. राहीबाई पदर सावरून बसली होती. शेजारी तरुण सीताबाई, आणि तिच्या मांडीवर फ्रॉकमधली लहानगी निशा.

"मांडवाचे दारी कोन आयलं गो?"

खुर्चीवर बसलेल्या सीताबाईच्या तोंडून आपसूक झेल आला, "मांडवाचे दारी कोन आयलं गो?" राहीबाई उचलत होती, सीताबाई झेलत होती. मध्ये किती वर्षे गेली होती, हे दोघींपैकी एकीच्याही आवाजात नव्हते.

तेवढ्यात मी अडखळले. तबकडी जुनी, माझे भिंगही जुने. चित्र थांबले, राहीबाईचे तोंड उघडे राहिले आणि आवाज बंद झाला. मला वाटले, आता संपले. सिराज पुढे झाला. मुबश्शिरने त्याला थांबवले.

कारण सीताबाई थांबली नव्हती. तिचे डोळे मिटलेले होते. तिने पुढची ओळ उचलली, अगदी राहीबाईसारखी, उंच आणि सरळ.

"हलद घेऊन दर्या आयला, खांबाला टेकला गो."

माझा किरण पुन्हा जागेवर आला. पडद्यावर राहीबाईने तीच ओळ म्हटली, पण सीताबाईच्या मागून. मित्रांनो, त्या दिवशी सीताबाईने उचलले आणि राहीबाईने झेलले. मी ते माझ्या आतून ऐकले.

निशाने आईला मिठी मारली. "आई, तुला येतंय!"

सीताबाई रडत-हसत म्हणाली, "येतंय गो. मलाच ठावं नव्हतं."

हळदीच्या दिवशी निशाच्या हट्टामुळे मला मांडवात पाटावर ठेवले होते. डीजेवाल्याला बोलावलेच नव्हते. सीताबाईने धवला उचलला आणि काल्हेरच्या साऱ्या बायांनी तो झेलला. आधी अवघडून, मग मोकळ्या गळ्याने. रामनाथ डोळे पुसत सगळ्यांना सांगत होता, "बघा, मी बोललोच होतो, नवी सीडी काढा म्हनून!" निशाला हळद लावून झाल्यावर सीताबाईने तोच हात माझ्या झाकणावर ठेवला. तो हा डाग.

सिराजने ते लग्नही टिपले आणि या वेळी वर एकही सिनेमाचे गाणे घातले नाही. आता तो कोणाच्याच लग्नात खरा आवाज काढून टाकत नाही. रमशाने राहीबाईचे सगळे धवले मोबाइलवर उतरवून घरोघरी वाटले आहेत. सीताबाईला आता दापोडे, काल्हेर, दिघाशी, सगळीकडून लग्नाची बोलावणी येतात. सुटीच्या दिवशी निशा सासरहून येऊन तिच्या शेजारी बसते. तिला आता झेलता येते, आणि सीताबाई तिला पहिल्या दिवसापासून उचलायलाही शिकवते. मुबश्शिरने कव्हरे काढून जुन्या मशीन दुरुस्त करायला घेतल्या आहेत. सईदाने त्याला शेवटी बिर्याणी खाऊ घातलीच. "चाळिसाव्याची का?" त्याने विचारले. "बारशाची," ती म्हणाली.

मी आता सिराजच्या दिवाणखान्यात राहते. मुबश्शिरची मशीनही माझ्या शेजारीच असते. आम्हाला एकमेकींची तबकडी अजून वाचता येत नाही. पण शर्यत संपली आहे आणि आमचे छान जमते.

मित्रांनो, बाजारात कोण जिंकले हे बाजाराला ठरवू द्या. तुमच्या घरात माळ्यावर माझ्यासारखी एखादी धूळ खात असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिचे तोंड एकदा उघडून पाहा. तुमची ओळ कोणीतरी तिच्या पोटात जपून ठेवली असेल. ती वाजवा, ऐका, आणि ऐकता ऐकता स्वतः उचला.