दोन बोटं माया

मी शिंपीण. आमच्या धंद्यात शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. पोट वाढलं की शिवण उसवायची आणि मायेतून थोडं थोडं द्यायचं. ह्यांच्या पँटींत मी दोन दोन बोटं माया सोडते. नवरा आपला, आपल्याला माहीत असतो.

डॉक्टरांनी ह्यांना वजन उतरवायला सांगितलं आणि ब्लडप्रेशरची गोळी लावून दिली. ह्यांनी येताना संत्र्याच्या सालीच्या कॅप्सूलची डबीही आणली. "आतल्या आत चरबी जळते," म्हणे. मी औषधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "झालाच तर किलोभर फरक, ताई. तोही जेवण आवरलं तर." ह्यांनी जेवण आवरायचं म्हणजे झालंच! आणि वजनकाट्यावर चढायचं नाव नाही. "काटा खोटं बोलेल. पँट बोलणार नाही."

महिना गेला. रोज सकाळी हुक लावताना ह्यांचं तोंड एवढंसं व्हायचं. मला बघवेना. ह्यांच्या कामाच्या पँटी दोनच. एक अंगावर असताना दुसरी मी मशीनवर घेतली, मागची शिवण अर्धं बोट सैल केली, वरून इस्त्री फिरवली. दुसऱ्या दिवशी स्वारी घरभर मिरवली. मग काय, दर महिन्याला मी दोन्ही पँटींना अर्धं बोट देत गेले.

आज केर काढताना प्रेशरच्या गोळ्यांचं पाकीट टोपलीत सापडलं.

"अहो, हे काय?"

"चार दिवस झाले, बंद केली. पँट सैल झाली म्हणजे प्रेशर उतरलंच की. साधं गणित आहे."

भलं करायला गेले आणि काय करून बसले!

पँट उलटी करून मी ह्यांच्या मांडीवर टाकली. आत जुन्या शिवणीच्या भोकांच्या चार ओळी, एकीशेजारी एक. शिंपिणीच्या नवऱ्याला आणखी काय सांगायचं?

"तुम्ही सूतभरही कमी झाला नाहीत," मी म्हटलं. "खोटं मी बोलले. चुकलं माझं."

हे बराच वेळ त्या ओळींवरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "अजून किती माया शिल्लक आहे?"

"पँटीत? संपली."

ह्यांनी हात पुढे केला. मी गोळी ठेवली आणि पाणी आणायला उठले.