चित्र, चित्र, बटण

छापखान्यात तिला सगळे फूटपट्टी म्हणायचे. बावीस वर्षं तिने तिथे पानांची मांडणी केली, आणि एखादी ओळ केसभर जरी खाली सरकली तरी तिला ती लांबूनच खटकायची. मालकांनी छापखाना बंद केला तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. पुढचे आठ महिने तिने कामासाठी जिथे जिथे फोन केला तिथे तिला एकच विचारलं गेलं, वेबसाइट करता का? ती खरं सांगायची, आणि पलीकडचा माणूस "कळवतो" म्हणून फोन ठेवायचा. कळवलं कुणीच नाही.

नवव्या महिन्यात बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयातून फोन आला. डोळ्यांनी दिसत नाही अशा वाचकांसाठी तिथे माणसं पुस्तकं मोठ्याने वाचत आणि ते वाचन ध्वनिमुद्रित करून ठेवत. वाचकाने फोन करायचा, पुस्तक सांगायचं, की तबकडी टपालाने त्याच्या घरी. पण आता तबकड्या वाजवणारी यंत्रंच मिळेनाशी झाली होती, आणि फोन घेणारे गृहस्थ महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. एक तारखेपासून सगळा कारभार वेबसाइटवरून चालणार होता, आणि ग्रंथालयाची ही पहिलीच वेबसाइट. ग्रंथपालबाईंनी विचारलं, आधी केल्यात ना तुम्ही? फूटपट्टीच्या तोंडून निघून गेलं, "हो. दोन-तीन."

फोन ठेवून तिने कॅलेंडर पाहिलं. हातात अठरा दिवस होते.

नवरा इस्पितळात एक्स-रे काढायच्या कामावर होता. त्याला तिने दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, मग शीक की, तीही शेवटी पानंच ना. तिलाही तसंच वाटत होतं. पण पान मांडायच्या आधी ते कशात मांडायचं हे ठरवायला हवं होतं, आणि तिथेच तिचं घोडं अडलं. वेबसाइट बनवायची सॉफ्टवेअरं पाच-दहा नव्हती, ढिगाने होती. प्रत्येकाची महती सांगणारे व्हिडिओ होते, आणि त्यातली माणसं गाडी चुकत असल्यासारखी बोलत होती. तिने वहीत नीट रेघा मारून तक्ता केला. तेवीस नावं लिहिली, त्यातली खोडत खोडत पाच ठेवली.

पहिल्यात तयार नमुने होते. तिने केशकर्तनालयाचा नमुना घेऊन त्यात ग्रंथालय बसवायला घेतलं, तर कोपऱ्यातली कात्री काही केल्या जाईना. दुसरं आपलं आपण कुठल्याशा दूरच्या संगणकावर बसवावं लागत होतं. त्यात दोन दिवस गेले आणि हाती लागला एक पांढराफटक पडदा, त्यावर न समजणारी एक ओळ. तिसऱ्यात काही हलवताच येत नव्हतं. शीर्षक, मजकूर, यादी, एकाखाली एक, बस. ही काय किराण्याची यादी आहे, असं म्हणत तिने ते अर्ध्या तासात बंद केलं. चौथं तिला आवडलं. त्यात तिने चार पानं केली, आणि मग कळलं की त्यात पाच मिनिटांपेक्षा मोठा आवाज चढतच नाही. दहा-दहा तासांची पुस्तकं होती. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात नळ सोडून रडली, म्हणजे शेजारी ऐकू जाऊ नये.

सहा दिवस संपले होते. नवरा जेवता जेवता म्हणाला, कुठलंही एक घे आणि बस, चप्पल घ्यायलासुद्धा तू इतका वेळ लावत नाहीस.

"चप्पल चावली तर बदलता येते," ती म्हणाली. मग तिला थांबता आलं नाही. "तुझं काय जातंय बोलायला? तुला रोज सकाळी कुठेतरी जायचं असतं."

त्याने ताट उचलून ठेवलं, पायात बूट घातले आणि तो कामावर गेला. ती त्याच्या मागे दारापर्यंतही गेली नाही. संगणकाजवळ जाऊन तिने पाचवं उघडलं.

पाचवं तिच्यासाठीच केल्यासारखं होतं. जी गोष्ट जिथे ठेवावी तिथेच राहायची, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. फक्त त्यातली अक्षरं तिला पसंत पडेनात, जाडजूड आणि ओबडधोबड. त्यावर तिने तोड काढली. शीर्षकं आणि पुस्तकांची नावं तिने छापखान्यातल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हव्या त्या अक्षरात केली आणि चित्रं म्हणून नेऊन बसवली. बोलक्या पुस्तकांना मुखपृष्ठं नव्हती; तिने साठ पुस्तकांना छोटी छोटी मुखपृष्ठं केली. पाच दिवस ती गुणगुणत काम करत होती. नवऱ्याने खांद्यावरून वाकून बघितलं आणि मनापासून सुंदर म्हणाला. भांडण तिथेच मिटलं.

बाराव्या दिवशी सकाळी लॅपटॉप पिशवीत घालून ती ग्रंथालयात गेली. लाकडी सामानाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत तबकड्यांची कपाटं, कपाटांच्या कडांना उठावाच्या ठिपक्यांच्या पट्ट्या. दुसरीत भिंतींना गालिचे ठोकलेली वाचनाची कोठडी आणि बाहेर फोनचं टेबल. ग्रंथपालबाई साठीच्या, पाठ ताठ. त्यांनी आवाजाच्या दिशेने हात पुढे केला, तो किंचित डावीकडे गेला, आणि तेव्हा फूटपट्टीच्या लक्षात आलं की बाईंनाही दिसत नाही. फोनवर ते कळलं नव्हतं. वाचकांच्या घरी पडद्याकडे बघायला कुणी ना कुणी असेलच, असं तिने धरून चाललं होतं. खरं तर इतकाही विचार तिने केला नव्हता.

बाईंनी लॅपटॉप जवळ ओढला, दोन-तीन कळा दाबल्या आणि त्यातला वाचून दाखवणारा आवाज चालू केला. मग त्या बाणाच्या कळेने एक एक पायरी खाली उतरू लागल्या. आवाज सपाट होता. चित्र. चित्र. बटण. चित्र. चित्र. बटण. बाईंनी घाई केली नाही, मध्येच सोडूनही दिलं नाही. त्या अगदी तळापर्यंत गेल्या. 

"ही कसली चित्रं आहेत?" बाईंनी विचारलं.

"पुस्तकांची नावं आहेत ती."

"मला ऐकू आली नाहीत."

एवढ्यात बाहेर फोन वाजला. निवृत्त होणारे गृहस्थ कुणाला तरी समजावत होते. कादंबरीचे पुढचे भाग कुठेही जात नाहीत, एक तारखेनंतरही मिळतील, वेबसाइटवाल्या बाई आल्यात, काम चाललंय, अजिबात काळजी करू नका. ते सगळं आत ऐकू येत होतं. फूटपट्टीला वाटलं, जमीन फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

"मी वेबसाइट कधीच केलेली नाही," ती म्हणाली. "ही पहिली. मी तुमच्याशी खोटं बोलले."

बाईंनी लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. "मी उगाच विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला बघून खात्री करता येत नाही. माणूस जे सांगतो त्यावरच मला चालावं लागतं."

 फूटपट्टीने लॅपटॉप मिटला आणि ती उठली. खुर्ची सरकल्याचा आवाज बाईंनी ऐकला.

"बसा," त्या म्हणाल्या. आवाजात माया नव्हती. "सात दिवसांत दुसरं माणूस मला मिळणार नाही. तुम्हाला जायचं असतं तर खरं बोलायच्या आधी गेला असतात. हे सोडून आणखी कशाकशात करून बघितलंत?"

मग दुपारभर दोघींनी कानांनी सॉफ्टवेअर निवडलं. बाईंच्या दोनच अटी होत्या. वाचकाला पुस्तकाचं नाव ऐकू यायला हवं, आणि फूटपट्टी निघून गेल्यावर नवं पुस्तक बाईंना एकटीने चढवता यायला हवं. पहिल्या सॉफ्टवेअरची पानं बऱ्यापैकी बोलत होती, पण काम करायच्या जागी सगळं माउसने ओढून ठेवायचं, तिथे बाईंनी हात टेकले. दुसऱ्याचं नाव काढायचं धाडस फूटपट्टीला झालं नाही. चौथ्याचा आवाजाचा प्रश्न होताच. उरलं तिसरं, किराण्याच्या यादीचं. ते उघडताना तिला लाज वाटत होती. आवाज म्हणाला, शीर्षक, बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय. मग म्हणाला, यादी. बाईंच्या भुवया जरा वर गेल्या. कुठे काय आहे हे विचारत विचारत वीस मिनिटांत त्यांनी स्वतःच्या हातांनी एक पुस्तक चढवलं. तारखेचा रकाना मुका निघाला. तो त्यांनी काढूनच टाकायला सांगितला.

"हे दिसायला कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"वाईट," फूटपट्टी म्हणाली.

"चालेल."

साठही मुखपृष्ठं गेली. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळीच ग्रंथालयात येऊन बसू लागली. निवृत्त होणारे गृहस्थ नोंदवहीतून नावं वाचायचे आणि ती टाइप करायची. पुस्तकं अकराशे होती. तिने जेवणाची सुट्टी सोडली, बोटं आखडली, एकदा तर लेखकाच्या जागी गृहस्थांच्या शिंकेवरची त्यांची दिलगिरीही टाइप झाली. तरी महिनाअखेरीला सहाशे चाळीसच चढली. शेवटच्या संध्याकाळी गृहस्थांनी फोनची तार गुंडाळून खोक्यात ठेवली, दोघींना नमस्कार केला आणि गेले. बाई त्या रिकाम्या टेबलावर हात ठेवून उभ्या राहिल्या. फूटपट्टीला त्यांच्याकडे बघवेना.

एक तारखेला तीनशे सभासदांपैकी बावीस जण वेबसाइटवर येऊ शकले. बाकीच्यांना बाईंच्या घरचा नंबर कुठून मिळाला कोण जाणे. कुणी विनवलं, कुणी वाट्टेल ते बोललं, एक म्हातारी नुसती रडली. बाईंनी प्रत्येकाचं ऐकून घेतलं आणि नाव उठावाच्या ठिपक्यांत लिहून ठेवलं. फूटपट्टीला वाटत होतं, आपण खोटं बोललो नसतो तर त्यांना कुणी जाणकार मिळाला असता, आणि या तीनशेंचं वाचन असं तुटलं नसतं. ती हे एकदा बाईंना बोलून दाखवायला गेली. बाई म्हणाल्या, ते खरंच आहे, आणि टिपून घ्यायला पुढच्या सभासदाचं नाव सांगितलं.

त्याच आठवड्यात एका कार्यालयातून तिच्या नोकरीच्या अर्जाला उत्तर आलं. त्यांनी वेबसाइट बघितली होती. मजकूर व्यवस्थित आहे, पण डिझाइन दिसत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. तिने ते नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, त्यांना डोळे मिटून बघायला सांग. ती हसली नाही, पण त्याने वाढलेलं सगळं जेवली.

मग सभासदांना वेबसाइट शिकवायला दोघी घरोघर जाऊ लागल्या. त्या दिवशी कादंबरीच्या पुढच्या भागांसाठी ज्यांचा फोन आला होता, ते एक जुने गवंडी निघाले. पायांनी अधू, डोळे दहा वर्षांपूर्वी गेलेले, बोटं इतकी जाड की एका वेळी दोन कळा दबायच्या. फूटपट्टीने त्यांचं बोट बाणाच्या कळेवर ठेवलं. त्यांनी कळेला शिवी दिली, संगणकाला दिली, मग बाईंची माफी मागून पुन्हा एकदा संगणकालाच दिली. पाऊण तास गेला. ते दमले, पाणी प्यायले, परत बसले. बाई मध्ये बोलत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या. सव्वा तासाने आवाजाने कादंबरीचं नाव उच्चारलं, गवंड्यांनी कळ दाबली आणि वाचणाऱ्या बाईचा आवाज खोलीभर झाला.

ते मान खाली घालून ऐकत राहिले. 

"हा तिसरा भाग आहे," ते म्हणाले. "मला दुसरा हवाय."

तिने वही उघडून पाहिलं. दुसऱ्याच्या जागी तिसरा तिनेच लावला होता. तिने गवंड्यांना तसं सांगितलं, तो उद्या सकाळी जागेवर असेल म्हणाली, आणि त्यांनी विचारलं, सकाळी म्हणजे किती वाजता.

"नऊ," ती म्हणाली.

"मग नऊला बघतो," गवंडी म्हणाले, आणि सराव म्हणून पुन्हा पहिल्यापासून बाण दाबायला लागले.