इसामुचा चष्मा, डोमनिकच्या डोळ्यांवर

मित्रांनो, मी एक जुना, गोल भिंगांचा, तारेच्या काड्यांचा चष्मा आहे. माझा जन्म जपानमधल्या एका बर्फाळ गावातला. तिथे मी इसामु नावाच्या तरुण शिक्षकाचा झालो. माझ्याशिवाय त्याला हातभर अंतरावरचेही नीट दिसत नसे. तो रोज सदऱ्याच्या टोकाने मला पुशी.

मग दुसरे महायुद्ध आले. इसामुला सैनिक करून प्रशांत महासागरातल्या बूगनव्हिल बेटावर पाठवले. तिथले जंगल इतके दाट, की अमेरिकी सैनिक दिसण्याआधी ऐकू येत. पाऊस थांबला तरी पाने ठिबकत राहत, आणि त्यात थेंब कोणता नि पाऊल कोणते, हे कुणालाच सांगता येत नसे. एका सकाळी गोळीबार थांबला, तेव्हा इसामु झाडाच्या मुळांत पडला होता.

त्याच्यावर एक अमेरिकी सैनिक वाकला. त्याचे नाव डोमनिक. मूळचा आयर्लंडमधल्या स्लायगोचा, पोटासाठी लहानपणीच अमेरिकेत गेलेला. त्याचा चष्मा आदल्या दिवशी चिखलात गेला होता. त्याने मला काढून स्वतःच्या डोळ्यांवर चढवले. नंबर जवळजवळ जुळला. जग स्पष्ट झाले, आणि पहिली दिसली ती इसामुची बोटे. ती पाचोळ्यात मला शोधत होती.

मागून हाक आली. डोमनिक निघाला. मीही त्याच्याबरोबर गेलो.

युद्धानंतर तो स्लायगोला परतला. भिंगे कितीदा बदलली, पण फ्रेम त्याने सोडली नाही. लोक माझे कौतुक करत, तो विषय बदले. पाऊस थांबून झाडे ठिबकू लागली, की मला खिशात ठेवी आणि खिडकीकडे पाठ करून बसे.

२०२१च्या जानेवारीत, सत्त्याण्णवाव्या वर्षी, त्याला कोरोना झाला. तिथल्या इस्पितळात भेटायला कुणालाच येऊ देत नव्हते. ऑक्सिजनचा मास्क लावताना तिथे काम करणाऱ्या, मूळच्या नागपूरच्या डॉक्टर नीलिमा यांनी मला काढून उशाशी ठेवले. दुपारी पाहतात तो डोमनिकची नजर पलंगाखालच्या फरशीवर खिळलेली. चष्मा लावू का, असे त्यांनी विचारले.

"नको," तो म्हणाला. "लावलात तर तो मला दिसेल. खाली शोधतोय." मग त्याने तुटक तुटक सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाला, "मी चष्मा काढला, तेव्हा तो जिवंत होता, डॉक्टर."

नीलिमांनी खाली वाकून पाहिले नाही. हातमोज्यातला हात त्याच्या हातावर ठेवून त्या बसून राहिल्या. दिवस मावळायच्या आत तो गेला.

त्याच्या मुलीचा, ऊनाचा, फोन आला. "बाबांना त्यांचा चष्मा लावा. त्याशिवाय मी त्यांना कधी पाहिलेलंच नाही."

नीलिमा हो म्हणाल्या. त्यांनी मला हातात घेतले. पण त्याच्या डोळ्यांवर लावले नाही. काड्या मिटून त्याच्या उघड्या तळहातावर ठेवले, कुणाला तरी द्यायला धरावे तसे. कोरोनामुळे शवपेटी तिथेच बंद झाली. ऊनाला हे कधीच कळले नाही.

आता मी स्लायगोच्या ओल्या मातीखाली आहे. कधीकधी अगदी जवळ, कुणी हाताने माती उकरत असल्यासारखा आवाज येतो. मला हाक मारता येत नाही. मी वाट पाहतो.

मित्रांनो, चष्मा पुसावा, जपून ठेवावा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी इतकेच सांगतो. पडलेल्या माणसाची वस्तू उचलण्याआधी तो जिवंत आहे का, ते बघा. असेल, तर आधी त्याला उचला.