ज्ञानदाचं मिराज

विमानांच्या खोक्यात कतारचे स्टिकर मिळत नाहीत, हे मला ज्ञानदामुळे कळलं. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून खऱ्या विमानांच्या हुबेहूब प्रतिकृती करायच्या, हा माझ्या मुलीचा छंद. खोक्यात पंख असतात, चाकं असतात, आणि इंग्लंडचे, फ्रान्सचे, झालंच तर भारताचे स्टिकर असतात. तीच विमानं कतारनंही उडवली, पण एवढ्याशा देशासाठी वेगळा कागद कोण छापणार? म्हणून ही पोरगी केसाएवढ्या ब्रशनं कतारच्या हवाई दलाची खूण, तो मरून-पांढरा गोल, त्याच्या दातेरी कडेसकट, हातानं रंगवते. मी चहा घेऊन शेजारी उभी राहिले तर म्हणते, "आई, डोन्ट ब्रीद." स्वतःच्या घरात श्वास कधी घ्यायचा हेही मला आता विचारावं लागतं.

ज्ञानदा सतरा वर्षांची. दोह्यातच जन्मली, अल नस्रमधल्या याच फ्लॅटमध्ये रांगली. संजीव, माझा नवरा, गॅस कंपनीत इंजिनिअर. मी नाशिकची, लग्न करून इथं आले ती इथलीच होऊन बसले असं लोक म्हणतात, पण ते खरं नाही. आम्ही दोघं इथं राहतो. ती इथली आहे. हे कुणी बोलून दाखवत नाही, कारण तिघांचाही पासपोर्ट भारतीय आणि तिघांचाही व्हिसा संजीवच्या नोकरीवर. बारावी झाली की जूनमध्ये तिला पुण्याला इंजिनिअरिंगला पाठवायचं आम्ही ठरवलं होतं, आणि तिनंही हो म्हटलं होतं. फक्त जाण्याआधी एकदा आपली सगळी विमानं एका टेबलावर ओळीनं मांडायची, लोकांनी ती बघायची, एवढंच तिला हवं होतं. आमच्या मराठी मंडळाचं छंदांचं प्रदर्शन होणार होतं, तिथं तिनं नाव दिलं.

हे वेड लागलं दोन हजार सतरामध्ये. शेजारच्या देशांनी एका सकाळी कतारसाठी सीमा बंद केल्या, आकाशही बंद केलं. दुकानातलं दूध गायब झालं, मग तुर्कस्तानचं आलं. आमच्या ओळखीतले निम्मे लोक बॅगा काढून बसले होते. नऊ वर्षांच्या ज्ञानदानं तेव्हा विचारलं होतं, की आपल्याकडे फायटर प्लेन्स किती आहेत. ती कुठल्या देशाबद्दल विचारतेय हे कळायलाच संजीवला वेळ लागला. उत्तर होतं, डझनभर मिराज आणि काही जुनी अल्फा जेट. पुढच्या काही वर्षांत या देशानं तीन देशांकडून तीन जातींची लढाऊ विमानं आणली. संजीवला हसू यायचं. आपल्या एखाद्या तालुक्याएवढी यांची माणसं, एवढी विमानं उडवणार कोण, असं तो जेवताना हमखास म्हणायचा. एकदा ज्ञानदानं ताटावरून मान वर केली आणि विचारलं, "बाबा, स्मॉल असलं की स्काय ठेवायचं नाही का?" त्यानंतर तो विषय त्यानं जेवताना काढला नाही.

टेबलावरची तिची ओळ म्हणजे या हवाई दलाचा इतिहासच होता. सुरुवातीला ब्रिटिशांकडून आलेली मोजकी हंटर. मग फ्रान्सची अल्फा जेट. मग मिराज एफ-वन, जी एक्क्याण्णवच्या आखाती युद्धात होती आणि नंतर स्पेनला विकली गेली; स्पेननं त्यांना आपला रंग दिला आणि पुढं कितीतरी वर्षं उडवली. मग मिराज दोन हजार, आणि शेवटी नवी तीन. यातलं मिराज दोन हजार तिचं सगळ्यात लाडकं. तीन वर्षांची असताना राष्ट्रीय दिनाला समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावर संजीवच्या खांद्यावर बसून तिनं ते पाहिलं होतं. त्या आवाजानं आजूबाजूची पोरं भोकाड पसरून रडली आणि आमचं रत्न टाळ्या वाजवत होतं.

प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात मंडळाचे अध्यक्ष अरुणकुमार पाहणी करायला घरी आले, सोबत त्यांच्या पत्नी नमितावहिनी. अरुणकुमार संजीवचे ऑफिसातले साहेबही आहेत. संजीवचं काँट्रॅक्ट एप्रिलमध्ये संपणार होतं आणि पुढच्या दोन वर्षांवर सही त्यांची व्हायची होती. माणूस वाईट नाही. कुणी आजारी पडलं तर पहिली गाडी त्यांची निघते. पण आपण सुचवलं ते समोरच्यानं ऐकलंच पाहिजे, अशी सवय लागलेली. पोहे खाता खाता त्यांनी विमानांचं तोंडभर कौतुक केलं आणि मग मुद्द्यावर आले. हंटर आपल्याही हवाई दलात होती, मिराज, राफेल तर आहेतच की. विमान तेच राहू दे, गोल तेवढा तिरंगी कर. दूतावासातली मंडळी येणार, आपल्या पोरांनी परक्यांचं हवाई दल मांडलेलं कसं दिसेल? शिवाय कतारची जुनी मिराज भारत घेणार अशी बातमी अधूनमधून असतेच, तेव्हा उद्या ती आपल्याकडेच यायची आहेत.

"उद्या, काका," ज्ञानदा म्हणाली. "नॉट टुडे."

तिला तिरंग्याचं वावडं नव्हतं. भारताचं विमान हवं असेल तर नवं खोकं आणून करून देते, म्हणाली, पण यांच्यावर रंग चढवणार नाही. अरुणकुमार हसले, पण कपाळावर आठी होती. जाताना लिफ्टपाशी त्यांनी संजीवच्या पाठीवर हात ठेवला आणि हॉलमध्ये टेबलं कमी आहेत, बघा काय ते, असं म्हणाले. संजीव त्या दिवशी जेवला नाही.

शुक्रवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये टेबलं लागली. खोकं संजीवनंच उचलून आणलं होतं. ज्ञानदा एकेक विमान कापसातून काढून मांडत होती आणि मी तिच्या शेजारी कार्डं लावत होते. मिराज दोन हजारवरचा कापूस काढला आणि तिचा हात थांबला. दोन्ही पंखांवर आणि शेपटीवर केशरी, पांढरा, हिरवा रंग होता. जाड, ओघळलेला. एका पंखावर ब्रशचा केस चिकटून वाळला होता.

"एकच केलंय," संजीव म्हणाला. तो आमच्याकडे बघत नव्हता. "बाकीची आहेत तशीच आहेत. सरांचं समाधान होईल आणि तुझं टेबलही राहील, म्हणून."

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पलीकडच्या भरतकामवाल्या बाईंनी आपलं टेबल दोन हात सरकवून घेतलं, एवढं सांगते. भीती मलाही होती. काँट्रॅक्ट गेलं तर आम्हालाही बाडबिस्तरा बांधावा लागणार हे काय मला कळत नव्हतं? पण पोरीनं श्वास रोखून केलेल्या कामावर गुपचूप ब्रश फिरवायचा, याचा मला संताप आला, आणि आजही येतो.

ज्ञानदा रडली नाही. मी म्हटलं, तुझ्या पिशवीत थिनर आहे, पूस ते. तिनं मान हलवली. थिनर लावला तर वरचा आणि खालचा दोन्ही रंग निघतील, म्हणाली, आणि वरचा फ्लॅग आहे, तो मी पुसणार नाही. मग तिनं विमान त्याच्या जागेवर ठेवलं, माझ्या हातातलं जुनं कार्ड घेऊन फाडलं आणि कोऱ्या कार्डावर स्वतः लिहायला बसली. तिचं मराठी लिहिणं सावकाश चालतं. तोवर लोक यायला लागले होते. लिहून झाल्यावर तिनं कार्ड विमानापुढं उभं केलं:

"मिराज दोन हजार. दोहा. बाबांनी काल भारताला दिलं. खालचा रंग मरून आहे."

अरुणकुमार पाहुण्यांना घेऊन टेबलापाशी आले. तिरंगा पाहून आधी त्यांचा चेहरा खुलला, मग त्यांनी कार्ड वाचलं. पाहुण्यांना हसून पुढच्या टेबलाकडे पाठवलं आणि दबक्या आवाजात संजीवला विचारलं, की ही काय थट्टा चालवली आहे.

उत्तर ज्ञानदानं दिलं. घरात आम्ही मराठीत बोलायचं आणि तिनं अर्ध्याअधिक इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं वर्षानुवर्षं चालत आलेलं. त्या दिवशी मात्र ती शब्द शोधत, थांबत थांबत, मराठीतच बोलली.

"काका, तुम्हाला तिरंगा पाहिजे होता. तो आहे. मी तो पुसला नाही. पण त्याच्या खाली मरून आहे, तेही खरं आहे. ते मी लपवणार नाही."

"तू भारतीय आहेस की नाहीस?" त्यांनी विचारलं.

"आहे. जूनमध्ये मी पुण्याला जाणार. तिथं राहणार, शिकणार. पण कुठची म्हणून कुणी विचारलं तर दोह्याची सांगणार. शंभर वेळा विचारलं तरी तेच सांगणार."

बाजूच्या दोन-तीन टेबलांवरचे लोक वळून बघत होते. अरुणकुमारांचा चेहरा लाल झाला आणि त्यांनी कार्ड उचलायला हात पुढं केला. मी पदर खोचून पुढं व्हायच्या बेतात होते. पण माझ्याआधी संजीवनं त्या कार्डावर हात ठेवला. त्याच्या नखात अजून केशरी रंग होता.

"राहू द्या, सर. माझ्या मुलीचं टेबल आहे. रंग मी लावला, ती माझी चूक. काँट्रॅक्टचं काय करायचं ते तुम्ही ऑफिसात ठरवा. हे कार्ड हलणार नाही."

अरुणकुमारांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहून त्यांना काय वाटलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. ते पुढच्या टेबलाकडे गेले. त्यांच्यामागून येणारे लोक मात्र आमच्याच टेबलाशी थांबू लागले. कार्ड वाचायचे, वाकून मिराजच्या पंखाकडे बघायचे, जाड रंगाखाली कुठं काही दिसतंय का ते शोधायचे. ज्ञानदा प्रत्येकाला हंटरपासून सुरुवात करून सगळी ओळ सांगत होती, मधूनच इंग्रजीत घसरत होती आणि परत मराठीत येत होती.

गर्दी जरा कमी झाली तेव्हा संजीवनं तिला हळूच विचारलं, की पुण्याला यातलं कुठलं विमान नेणार. त्याला वाटलं असावं, सगळ्यात सुबक झालेलं ते नवं राफेल.

"हे," ती म्हणाली आणि मिराजकडे बोट दाखवलं. "बाकीची इथं घरी राहतील. हे माझ्यासारखं आहे."

संजीव तोंड फिरवून चष्मा पुसायला लागला. मलाही रडू फुटणार होतं. पण अरुणकुमार हॉलच्या पलीकडून आमच्याकडेच बघत होते, म्हणून मी ते गिळलं आणि लेकीच्या शेजारी ताठ उभी राहिले.