अठ्ठ्याहत्तर किलो

मी एक जुना वजनकाटा आहे. फुटबॉलच्या मैदानाला लागून एका क्लबची इमारत आहे. तिथे प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या खोलीत मी तेवीस वर्षे उभा होतो. पाय ठेवायला लोखंडी फळी, छातीइतका उंच खांब आणि वर घड्याळासारखी गोल तबकडी, असे माझे रूप. तबकडीच्या मागे पितळेचा एक लहानसा स्क्रू आहे. माझ्यावर कोणी उभे नसताना काटा शून्यावर नसेल, तर हा स्क्रू फिरवून त्याला शून्यावर आणतात. मित्रांनो, जे काही घडले ते या स्क्रूमुळे घडले.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. मला बनवणाऱ्या मिस्त्रीने तेच वीस किलोचे वजन माझ्यावर पंधरा वेळा ठेवले. पंधराही वेळा काटा नेमका वीसवर थांबला, तेव्हा कुठे त्याने मला रंग दिला. आधी मी एका गोदामात पोती तोलली. पोती कधी पोट आत ओढून उभी राहत नाहीत, त्यामुळे ते दिवस सुखात गेले. पुढे क्लबने मला जुन्या बाजारातून आणले. दरवर्षी मापे तपासणारा निरीक्षक येई, वजने ठेवून पाही आणि माझ्यावर शिक्का मारून जाई. त्याने मला एकदाही नापास केले नाही. मी थोडा गर्विष्ठ आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

दर सोमवारी सकाळी खेळाडू रांगेने माझ्यावर उभे राहत. वजन घेण्याचे काम मालिशवाल्या काकांकडे होते. काका भला माणूस, पण भारी भिडस्त. त्यांची एक सवय होती. वजन घेताना ते माझ्याकडे पाहतच नसत. फाइलमध्ये मागच्या सोमवारी जो आकडा लिहिला असेल, तोच मोठ्याने म्हणत आणि पुन्हा लिहीत. वजन वरखाली झालेले दिसले की खेळाडू विकत घेणारे शंका काढतात, म्हणून क्लबात तशी पद्धतच पडली होती. मला राग येई. पण रागावलेल्या वजनकाट्याला कोण विचारतो?

शेजारची खोली भाववाल्या साहेबांची होती. कोणत्या खेळाडूची किती किंमत मागायची, ते साहेब ठरवत. मधली भिंत पातळ, त्यामुळे मला सगळे ऐकू येई.

"भाव कागदाचा असतो, काका," चहा पिता पिता ते सांगत. "वय किती? करार किती वर्षांचा उरलाय? गोल करतो की अडवतो? दुखापती किती? आणि मागे किती क्लब लागलेत? एक लागला तर भाव ठरतो. दोन लागले की चढतो. तिसरा आला की मग विचारूच नका!"

"आणि करारच संपला तर?"

"मग शून्य. पोरगा मोकळा. कुठेही जाईल, आपल्या हाती काही नाही."

याच क्लबात बगळा हा खेळाडू होता. वय बावीस, लांब काटकुळे पाय, म्हणून सगळे त्याला बगळा म्हणत. आईवडील लहानपणीच गेले होते. त्याला त्याच्या ताईने वाढवले होते, आणि ती क्लबच्या धुलाईखान्यात काम करत असे. त्याचे वजन बरोबर अठ्ठ्याहत्तर किलो होते.

एका शनिवारी पहिल्यांदा एका मोठ्या क्लबने त्याला मागणी घातली. साहेबांनी भाव दुप्पट केला. सोमवारी बगळा माझ्यावर उभा राहिला आणि उतरला. काटा मागे फिरला, पण शून्यावर आला नाही. तो दोनवर थांबला. माझ्यावर कोणीही नव्हते आणि दोन किलो मात्र होते.

"गंजला वाटतं बिचारा," काका म्हणाले आणि त्यांनी स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला. पुढच्या सोमवारी बगळा शहात्तर भरला. काकांनी फाइल पाहून अठ्ठ्याहत्तर लिहिले.

मग दुसऱ्या क्लबची मागणी आली. सोमवारी बगळा उतरल्यावर काटा सातवर थांबला. काकांनी पुन्हा स्क्रू फिरवला. बाकी खेळाडूंची वजने मी अचूक दाखवत होतो. निरीक्षकही आला, वजने ठेवून गेला आणि शिक्का मारून गेला. मी बिघडलो नव्हतो. जे उतरत नव्हते ते खरोखरच माझ्यावर राहत होते. खोली रिकामी झाली की माझ्या फळीवर दोन तळवे टेकल्यासारखे मला जाणवत. उबदार तळवे. उजवा जरा जास्त दाबलेला, डावा अलगद. बगळ्याच्या डाव्या घोट्याला जुनी दुखापत होती. ती फाइलमध्ये नव्हती, कारण काकांनी ती लिहिलीच नव्हती.

गंमत अशी की बगळा आता पूर्वीपेक्षा सुंदर खेळू लागला. लोक म्हणत, हा पळतो की तरंगतो! तो जितका सुंदर खेळे तितका भाव वाढे, आणि भाव वाढला की माझ्यावर आणखी काही किलो मागे राहत.

हे सगळ्यात आधी ताईच्या ध्यानात आले. त्याच्या मोज्यांना चिखल लागेनासा झाला होता. सहा महिन्यांच्या बुटांचे तळ नव्यासारखे होते. एका बुधवारी खोलीत कोणी नसताना ती त्याला हाताला धरून घेऊन आली.

"चढ यावर."

"ताई, सोमवारी केलंय गं वजन."

"चढ म्हणते ना!"

काटा एकतीसवर थांबला. ताईने तबकडीची काच पदराने पुसली आणि पुन्हा पाहिले. एकतीस.

"तुला काय होतंय रे?"

"काही नाही. हलकं वाटतं फक्त," बगळा हसून म्हणाला. "पळताना पाय लागतायत की नाही तेच कळत नाही. आणि ताई, कधी कधी मला हाक मारली ना, तर ती दुसऱ्या कुणाला मारली असं वाटतं."

ताई तशीच शेजारच्या खोलीत गेली. "साहेब, भाव चढला की तो हलका होतोय. काटा एकतीस दाखवतोय. माझ्या भावाचा भाव उतरवा."

साहेबांना वाटले, बाई थट्टा करतेय. "लोक चढवायला सांगतात, तुम्ही उतरवायला? काटा जुना झालाय, ताई. त्याचं काय ऐकता? तिसरा क्लब आलाय. गुरुवारी त्यांचा डॉक्टर तपासायला येणार. यातून पायऱ्यांवर नवं छत होईल, सगळ्यांचे पगार निघतील. तुमचाही."

मग तिने काकांना गाठले. "तुम्हाला त्याचा घोटा माहीत आहे. मी महिनाभर गरम पाण्याने शेकलाय तो. एवढी एक ओळ लिहा. आणि वजन बघून सांगा."

काकांनी फाइल उघडून पुन्हा मिटली. "एका ओळीने भाव निम्मा होईल गं," ते म्हणाले. मग म्हणाले, "बरं. गुरुवारी सांगतो. तुला शब्द देतो."

मित्रांनो, त्या गुरुवारची मी किती वाट पाहिली! माझ्यासारख्या जड वस्तूला धावपळ करता येत नाही, पण मी काटा अगदी मोकळा ठेवला होता. रात्रीत भाव आणखी चढला होता, आणि सकाळी काकांनी रिकाम्या फळीवरचा काटा पुन्हा शून्यावर आणला होता. पाहुणा डॉक्टर आला. त्याने बगळ्याचे गुडघे वाकवून पाहिले, छाती ऐकली, डोळे तपासले. मग तो टेबलाशी बसला आणि त्याने कागद पुढे ओढला. बगळा माझ्यावर चढला. काटा हललासुद्धा नाही. मला फक्त त्याचे कपडे आणि बूट जाणवले, आणि तेही चढायच्या आधीच उतरल्यासारखे.

"वजन?" डॉक्टरने मान खाली घालूनच विचारले.

भिंतीपलीकडे साहेब खाकरले. काकांचा हात फाइलवर होता. त्यांनी तोंड उघडले आणि तेवीस वर्षांची सवय बोलून गेली. "अठ्ठ्याहत्तर."

"जुनी दुखापत?"

"नाही."

आपण काय बोललो हे काकांना कळेपर्यंत डॉक्टरने सही केली होती. संध्याकाळी मोटार आली आणि बगळा गेला. ताईने निघताना त्याला मिठी मारली. तिचे हात तिच्याच खांद्यांना टेकले, असे ती नंतर काकांना म्हणाली. काका रडले, आणि दर वेळी स्क्रू फिरवल्याचेही त्यांनी तिला सांगितले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. दोन्ही अजून तसेच आहेत.

दुसऱ्या दिवशी ताई एकटीच माझ्याकडे आली. तिने स्क्रू धरला आणि काकांनी जितका फिरवला होता तितका, हळूहळू, उलट फिरवला. काटा दोनवर गेला, सातवर गेला, एकतीस ओलांडून पुढे सरकत राहिला आणि अठ्ठ्याहत्तरवर थांबला. माझ्यावर कोणीही नव्हते. ताईने वाकून फळीवर हात ठेवला.

"आहेस ना रे?" ती म्हणाली. फळी उबदार होती.

विक्रीच्या पैशातून क्लबने नवा काचेचा काटा आणला आणि मला भंगारात काढायचे ठरवले. ताई साहेबांकडे गेली.

"तिकडे त्याचा करार किती वर्षांचा आहे?"

"तीन. पण खेळवत कुठे आहेत त्याला? बाकावर बसून भाव उतरत चाललाय. करार संपला की शून्य."

"मग हा काटा मला द्या," ती म्हणाली.

आता मी धुलाईखान्यात आहे, त्याला अडीच वर्षे झाली. हलवताना चार हमाल लागले आणि चौघेही म्हणाले की काटा दिसतो त्याहून जड आहे. रविवारी बगळ्याचा फोन येतो. त्याचा आवाज फार लांबून येतो आणि बोलता बोलता स्वतःचे नाव आठवायला तो थांबतो. ताई त्याला सांगते, थोडेच महिने राहिलेत, किंमत संपली की सरळ घरी ये. मग ती माझी फळी कोरड्या कपड्याने पुसते. डाव्या बाजूला हात हलका ठेवते.

मित्रांनो, आकडा म्हणण्याआधी एकदा काट्याकडे पाहत जा, एवढे मी काकांसारख्या सगळ्या भल्या माणसांना सांगतो. आणि कधी या धुलाईखान्यात आलात, तर माझ्या दोन विनंत्या आहेत. माझा स्क्रू फिरवू नका. आणि गंमत म्हणूनसुद्धा माझ्यावर चढू नका. इथे कोणीतरी उभे आहे.