कोर्टाने दिलेला रस्ता

मित्रांनो, मी एक डोली आहे. लग्नातली नटवलेली नव्हे. बांबूला घोंगडी बांधून केलेली, आजारी माणसाला खांद्यावरून नेण्याची. टोकावडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या पाड्यात राहणाऱ्या बुधूने मला बांधले. पाड्याला रस्ता नव्हता. कुणाला साप चावो की कुणी बाळंतीण अडो, दवाखान्यापर्यंत मीच न्यायची.

एकदा वनखात्याची पाडा उठवायची नोटीस आली. माणसे मुंबईच्या उच्च न्यायालयात गेली. वनजमिनीवरचे दावे तपासल्याशिवाय कुणाला हलवू नका, असा निकाल लागला. घरे वाचली, तसा बुधूला न्यायालयाचा भरवसा वाटू लागला. पुढे त्याने रस्त्यासाठी तिथेच अर्ज केला. पाड्याची बाजू मांडणाऱ्या वकीलबाईंनी माझा फोटो न्यायाधीशांपुढे ठेवला. पाड्याला रस्ता द्या, असा हुकूम झाला.

बुधू घरी येऊन बायकोला म्हणाला, "जनाबाई, निकाल लागला गो! आता खांद्यावर कोणाला नाय न्यायचं."

मला माळ्यावर टाकले. उंदरांनी घोंगडी कुरतडली, तरी मला वाईट वाटले नाही.

रस्ता पाड्याखालच्या ओढ्यापर्यंत आला आणि थांबला. पूल झालाच नाही.

श्रावणात बुधू-जनाबाईची लेक राही बाळंतपणाला माहेरी आली. सकाळीच कळा सुरू झाल्या.

"डोली काढा," जनाबाई म्हणाली.

"नको गो. कोर्टानं रस्ता दिलाय. गाडी येल."

बुधूने दवाखान्यात फोन केला. गाडी आली, पण पलीकडच्या काठाला. ओढा दुथडी भरून वाहत होता. पाणी ओसरायची वाट पाहण्यात दुपार झाली. मग मला खाली काढले. ओढा जिथे उथळ होतो त्या वरच्या उताराकडे निघालो, तर उंदरांनी कुरतडलेली घोंगडी फाटली. जनाबाईने बरोबर घेतलेले आपले लुगडे बांधले.

राहीने विचारले, "बाबा, गाडी आली का?"

"आली गो, आली. पलीकडंच हाय."

थोडे पुढे गेल्यावर बुधूने हात वर केला. सगळे थांबले. मला हळूच जमिनीवर टेकवले. राही गेली होती. पोटातले बाळही गेले.

बुधू पुन्हा न्यायालयात उभा राहिला. न्यायाधीशांनी कडक शब्द वापरले, आणि एका उन्हाळ्यात पूल झाला. आता गाडी थेट पाड्यात येते. बुधू मात्र बाजाराला जाताना रस्ता सोडून दगडांतून उतरतो.

जनाबाई म्हणते, "चांगला रस्ता हाय, त्याच्यावरून जा ना."

"पाय टाकवत नाय गो," तो म्हणतो.

मित्रांनो, मला दुरुस्त करा, जपून ठेवा, असे मी सांगणार नाही. एवढेच करा. चांगला निकाल पेपरात वाचलात की टाळ्या वाजवा, पण तो शेवटच्या घरापर्यंत पोचला का, ते विचारत राहा. आमचा निकाल ओढ्याच्या पलीकडे उभा होता, आणि राही अलीकडे.